माज आला, पण होकार?

बारामती-इंदापूरच्या गोठ्यांत माज ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. गाय हंबरते, सोट टाकते, दुसरीवर उडी घेते, वैरणीत लक्ष देत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, हा हिशेब घरातल्या पोरांनाही पाठ असतो. म्हशीचा मुका माज तेवढा चकवतो. आता याच भागातल्या घरांत पर्शियन मांजरं आली आहेत आणि त्यांनाही गोठ्यातलाच हिशेब लावला जातो. मांजरी ओरडू लागली की बोका मागवायचा, दोघांना एका खोलीत सोडायचं आणि कडी घालायची. मग आतून फिस्कारणं ऐकू येतं, बोका नाक ओरबाडून घेऊन बाहेर येतो आणि मालक म्हणतो, ‘हिला बोका चालत नाही.’

बोका बहुतेक वेळा चालणार असतो. चुकलेली असते ती वेळ, नाहीतर जागा.

मांजरीच्या माजाचा पहिला एखाद-दुसरा दिवस फसवा असतो. ती लोळते, अंग घासते, ओरडते, बोक्याला जवळ ओढते. पण तो जवळ आला की पंजा मारते. होकार त्यानंतर येतो आणि तो अंगावर दिसतो. पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला की ती पुढचं अंग जमिनीला टेकवते, ढुंगण वर करते, शेपटी एका बाजूला घेते आणि मागच्या पायांनी जागच्या जागी पावलं टाकते. हे दिसेपर्यंत बोका समोर आणूच नये. माज साधारण आठवडाभर टिकतो, त्यामुळे घाईचं कारण नसतं. या खेपेला जमलं नाही तरी दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येते.

गाय आणि मांजर यांच्यातला खरा फरक मात्र आत, अंडाशयात आहे. गायीचं स्त्रीबीज ठरल्या वेळी सुटतं, वळू असो वा नसो. मांजरीचं सहसा समागमाशिवाय सुटत नाही. बोक्याच्या लिंगावर शंभरावर बारीक काटे असतात. त्यांच्या घर्षणाचा संदेश मेंदूकडे जातो, तिथून संप्रेरकाची लाट उठते आणि एक-दोन दिवसांत बीज सुटतं. एका समागमाने ही लाट पुरेशी उठेलच असं नाही. थोड्या वेळात तीन-चार झाले तर खात्री वाढते. याचं मूळ तिच्या पूर्वजांत असावं. आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली रानमांजर एकटी राहायची. नर कधी भेटेल याचा भरवसा नसताना बीज राखून ठेवणं शहाणपणाचंच होतं.

समागमाच्या वेळी बोका तिची मानगूट दातांत धरतो. तो सुटताच ती किंचाळते, वळून त्याला फटकावते, लोळते आणि स्वतःला चाटत बसते. घाबरलेला मालक इथेच दोघांना वेगळं करतो. खरं तर हे सारं ठीक झाल्याचं लक्षण आहे. थोड्या वेळाने ती स्वतःच पुन्हा बोलावते. बोक्याला त्या फटक्यातून सुटायला उंच फळी किंवा कपाट मात्र हवं.

प्रकाशाचाही यात हात आहे. दिवस मोठा होऊ लागला की मांजरी माजावर येतात. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस आठ तासांहूनही लहान, त्यामुळे तिथल्या मांजरी हिवाळ्यात बऱ्याचदा शांत असतात. बारामतीत सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. म्हणून इथे वर्षभरात केव्हाही माज दिसू शकतो.

आणि निवड? जपानमधलं आइनोशिमा हे मच्छीमारांचं बेट. भिगवणच्या मासळी बाजाराभोवती मांजरं जमावीत तशी तिथली मोकाट मांजरं टाकाऊ माशांभोवती टोळ्या करून राहतात. तिथल्या अभ्यासात 2001 साली दिसलं, की जवळच्या नात्यातला बोका आला तर मादी समागम टाळू पाहते. एकाच वेतातले भाऊ-बहीण जोडीला लावणाऱ्यांनी मांजरीचा हा नकार मानावा असं मला मनापासून वाटतं.

जोडी लावायची तर मांजरीला बोक्याच्या घरी न्यावं. परक्या जागेत बोका आधी कोपरे हुंगत, मूत्राच्या खुणा करत फिरतो, मादीकडे बघतही नाही. पहिला एखादा दिवस दोघांमध्ये जाळी ठेवावी, वास ओळखीचे होऊ द्यावेत. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी घालावी. मांजरी वर्षाची झाल्याशिवाय, आणि पर्शियन असेल तर त्याहून उशिरा, हा विचारच करू नये. पर्शियन जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. आई-बापांपैकी एकाकडून दोष आला तरी पिल्लाला तो होतो. 2004 मध्ये त्याचं जनुक सापडल्यापासून डीएनए तपासणी करता येते. ती बोका शोधण्याआधी करावी. रक्तगटही बघावा: ‘बी’ गटाच्या आईचं पहिलं दूध ‘ए’ गटाच्या पिल्लांच्या जिवावर उठू शकतं.

घरी आणल्यावर माज ओसरेपर्यंत तिला खोलीतच ठेवावं. समागम झाला तरी ती काही दिवस दुसऱ्या बोक्यालाही जवळ येऊ देते, आणि मग एकाच वेतात दोन बापांची पिल्लं जन्माला येतात.