आधी जाब, मग क्षमा

‘झाले गेले गंगेला मिळाले’ ही म्हण घरगुती भांडणांच्या बाबतीत शहाणपणाची आहे. भाऊबंदांतील कज्जा, शेजाऱ्यांतील तंटा किंवा रागाच्या भरात निघालेला शब्द पोटात घातल्याने संसार सुरळीत चालतो. परंतु ज्या सत्तेने स्वतःच्याच नागरिकांना पळवून नेऊन ठार केले, तिच्या अपराधांना हीच म्हण लावली जाते तेव्हा तिचा अर्थ पालटतो. राजकीय हिंसाचाराने पोळलेल्या प्रत्येक देशात हा सल्ला देणारे पुढे येतात. राष्ट्राच्या जखमा भरून यायच्या असतील तर मागचे उकरून काढू नये, असे त्यांचे म्हणणे असते. हा सल्ला कितपत टिकतो हे पाहावयाचे झाल्यास अर्जेंटिनाचा इतिहास तपासावा. जाब विचारण्याचा आणि विसरून जाण्याचा, असे दोन्ही मार्ग त्या देशाने तीस वर्षांच्या आत चोखाळून पाहिले आहेत.

२४ मार्च १९७६ रोजी तेथील लष्कराने इसाबेल पेरॉन यांचे सरकार उलथून टाकले. देशात त्या वेळी सशस्त्र गनिमी संघटनांचा हिंसाचार चालू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु लष्कराने त्याला उत्तर दिले ते न्यायालयात नव्हे. कामगार पुढारी, विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार यांना घरांतून उचलून गुप्त छळछावण्यांत नेण्यात आले. कित्येकांना गुंगीचे औषध टोचून विमानातून समुद्रात फेकण्यात आले. पुढे चौकशी आयोगाने अशा सुमारे ९,००० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. गनिमी संघटनेने खून केला तर नागरिकाने पोलिसांकडे जावे. पण पोलीस आणि लष्करच माणसे पळवू लागले तर दाद मागायची कोणाकडे? राज्यसंस्थेचा अपराध अधिक गंभीर ठरतो, तो याच कारणाने.

या अपराधाचे स्वरूपही निराळे होते. बेपत्ता माणूस जिवंतही नाही आणि मृतही नाही, तो केवळ बेपत्ता आहे, अशा आशयाचे उत्तर लष्करशहा होर्हे विदेला यांनी १९७९ मध्ये पत्रकारांना दिले होते. प्रेत नाही म्हणून अंत्यसंस्कार नाही, आणि अंत्यसंस्कार नाही म्हणून शोकालाही शेवट नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी अशा मुलांच्या चौदा माता ब्वेनोस आयरीसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरील प्लासा दे मायो या चौकात जमल्या. एका जागी उभे राहण्यास पोलिसांनी मनाई केली, म्हणून त्या चौकाला फेऱ्या घालू लागल्या. त्यांच्या अग्रणी आसुसेना विय्याफ्लोर यांनाच त्या वर्षीच्या १० डिसेंबरला पळवून नेण्यात आले. अशा मातांना ‘विसरा’ असे सांगणे म्हणजे जे अद्याप घडून संपलेलेच नाही ते विसरण्यास सांगणे होय.

१९८३ मध्ये लष्करशाही कोसळली. जाण्यापूर्वी सेनापतींनी स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला होता. राउल आल्फोन्सीन यांच्या लोकनियुक्त राजवटीने तो रद्द केला. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला आणि १९८५ मध्ये नऊ सेनाधिकारी मुलकी न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे राहिले. आठशेहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली, तिघांना कमीअधिक मुदतीची कैद झाली आणि पुराव्याअभावी चौघे निर्दोष सुटले. सूड आणि न्याय यांतील भेद या निकालावरून स्पष्ट व्हावा. सूड सर्वांना एकाच मापाने मोजतो. न्याय प्रत्येकाच्या पदरी त्याच्याच कृत्याचे माप घालतो. गनिमी संघटनांच्या नेत्यांवरही खटले भरण्याचा आदेश आल्फोन्सीन यांनी दिला होता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

परंतु लष्करात कुरबुर सुरू झाली आणि सरकारचे पाय डळमळले. डिसेंबर १९८६ मध्ये नवे खटले भरण्यास अवघ्या साठ दिवसांची मुदत घालणारा कायदा झाला. १९८७ च्या ईस्टरमध्ये लष्करी बंड झाले आणि त्यापाठोपाठ, वरिष्ठांचा हुकूम पाळणाऱ्यास दोषी धरू नये असा दुसरा कायदा आला. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये माफीचे हुकूम काढून विदेला-मासेरा यांनाही मोकळे केले. राष्ट्रीय सलोखा हे कारण सांगण्यात आले. या सवलतींनी लष्कर शांत झाले काय? १९८८ मध्ये दोन बंडे झाली. १९८९ च्या माफीत बंडखोरांचाही समावेश होता. तरीही डिसेंबर १९९० मध्ये पुन्हा बंड झाले. ते बळाने मोडून काढण्यात आले आणि त्याच्या सूत्रधाराला जन्मठेप झाली. त्यानंतर मात्र तेथे लष्करी बंड झालेले नाही. अभय मिळालेला अपराधी निवळतो, हा समज येथे तरी खोटा ठरला.

विसरण्याच्या त्या काळात जखम भरली नाही. तिच्यावर केवळ खपली धरली. १९९५ मध्ये एका माजी नौदल अधिकाऱ्याने जिवंत माणसे समुद्रात फेकल्याची जाहीर कबुली दिली, आणि देशातील कायद्याचे हात मात्र बांधलेले राहिले. छळछावण्यांत जन्मलेली बाळे लष्करी अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या मर्जीतील कुटुंबांनी खोट्या नावांनी वाढविली होती. बालकांची चोरी हा अपराध त्या माफीच्या कायद्यांतून वगळलेला होता, म्हणून आजींनी तोच धागा पकडला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या आनुवंशिक माहितीच्या राष्ट्रीय पेढीच्या साह्याने त्या नातवंडांचा शोध घेत राहिल्या. आजवर १३० हून अधिक नातवंडांना त्यांची खरी ओळख मिळाली आहे.

अखेर २००३ मध्ये तेथील संसदेने माफीचे ते दोन्ही कायदे रद्दबातल ठरविले आणि १४ जून २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या आणि निनावी पुरलेल्या एका देहाची ओळख पटली. तो आसुसेना विय्याफ्लोर यांचा होता. त्यांची रक्षा प्लासा दे मायो येथेच पुरण्यात आली. विदेला यांना २०१० मध्ये पुन्हा जन्मठेप झाली आणि २०१३ मध्ये ते तुरुंगातच मरण पावले. खटल्यांनी लोकशाही कोलमडेल असे भाकीत ज्यांनी केले होते, त्यांचे भाकीत खरे ठरले नाही.

यावर दक्षिण आफ्रिकेचा दाखला दिला जातो. तेथे शिक्षेऐवजी सलोखा निवडला गेला, असे सांगतात. परंतु डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची माफी फुकटची नव्हती. अपराध्याने पुढे येऊन संपूर्ण सत्य सांगावे, ही तिची अट होती. सात हजारांहून अधिक अर्जांपैकी बहुतेक फेटाळण्यात आले. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावरील खटले मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि ते कोणी दडपले काय, हे शोधण्यासाठी २०२५ मध्ये नवा चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणजे जेवढा हिशेब चुकता झाला तेवढाच सलोखा टिकला. राहिलेली बाकी तीस वर्षांनी पुन्हा दारात उभी राहिली.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची कथा मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. तो निवाडा अमलात आला नाही; तरीही त्या खुनाला त्या दिवशी खून असे नाव मिळाले आणि खुन्याला खुनी असे. जाब विचारण्याचे पहिले फळ हेच असते. क्षमा थोर खरीच. पण तिचा अधिकार ज्याने सोसले त्याचा आहे, आणि आपण कोणाला व कशाबद्दल क्षमा करीत आहोत हे त्याला आधी कळले पाहिजे. शासनाने त्याच्या वतीने परस्पर क्षमा करून टाकणे, हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय होय.