सोंग दारात आलं की आपण काय करतो?

बाहेर पौषातली थंडी आहे आणि मी साताऱ्यात शाल गुंडाळून बोलतोय, तेव्हा मधेच शिंक आली तर सांभाळून घ्या. आजचा विषय आहे सोंगं.

सुरुवात जरा लांबून करतो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे नाताळाच्या दिवसांत लोक वेष पालटून गावभर नाचत फिरायचे. पुरुष बायकांच्या कपड्यात, बायका पुरुषांच्या, तोंडावर खिडकीच्या पडद्याची जाळी. पेन्झान्स गावात २००७ पासून २१ डिसेंबरच्या सुमारास 'मोन्टोल' या नावाने हे पुन्हा सुरू झालंय. तिथली गंमत ही की शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओळखायचं नाही.

आपल्याकडे उलटं. येणारा परका असतो, आणि सोंगामुळेच तो ओळखीचा होतो.

माझ्या लहानपणी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात सुगी उरकली की बहुरूपी यायचा. खाकी सदरा, कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. थेट सोप्यात येऊन आजोबांवर गरजायचा, "चला चौकीवर, वॉरंट आहे तुमच्यावर!" आम्ही पोरं आजीच्या पदराआड. मग हळूच लक्षात यायचं, पायात बूट नाहीत, झिजलेल्या वहाणा आहेत. वॉरंट वाचता वाचता त्याचं लग्नाचं आमंत्रण व्हायचं, त्यात भलभलत्या पक्वान्नांची यादी, आणि आजोबा हसत हसत सुपातनं ज्वारी आणायला सांगायचे. आता कळतं की ती वहाण म्हणजेच त्याची कला. धाक बसला पाहिजे, पण फसवणूक होता कामा नये.

वासुदेवाचं तर बघायलाच नको. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या, पायात घुंगरू. पहाटे अंधारात तो आळीत शिरला तरी कुत्रं सोडून कोणी दचकायचं नाही. ती टोपी म्हणजे त्याचं ओळखपत्रच होतं की!

वेषांतर म्हटलं की आपल्या भागात बहिर्जी नाईकांचं नाव निघतंच. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख. त्यांची समाधी सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर दाखवतात. फकीर, जोगी, भिकारी होऊन ते शत्रूच्या छावणीत शिरत, असं लोक सांगतात. म्हणजे भटक्याचा वेष घातला की कोणी अडवत नसे, हे गृहीतच होतं.

ते गृहीत आता मोडलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षेला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे होते. कारण काय, तर मोबाईलवर फिरलेल्या अफवा. आणि लांब कशाला, सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या जत तालुक्यात, लवंग्याला, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. ते वाचले.

कायद्याची नजरही फार वेगळी नाही. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या निमित्तानं पैसे मागणं म्हणजेसुद्धा भीक. त्या व्याख्येत वासुदेव सरळ बसतो. मला हे पटत नाही. आजोबांनी दिलेली ज्वारी भीक नव्हती, हसवल्याची मजुरी होती.

मागच्या हिवाळ्यात विट्याच्या एसटी स्टँडवर एक बहुरूपी भेटले, साठीचे. मी विचारलं, "काका, पोलिसाचं सोंग करता का अजून?" म्हणाले, "खाकी सोडली बाबा. आता शंकर करतो." गावात शिरताना साध्या कपड्यात जातात. आधी पोलीस पाटलांना भेटायचं, आधार कार्ड दाखवायचं, मग देवळामागं बसून तोंडाला निळा रंग लावायचा. जटा पिशवीत होत्या. मला काढून दाखवल्या, आणि स्टँडवरचे लोक बघायला लागल्यावर पटकन आत ठेवल्या.