शिकवायचे कुणाला? व्यक्तीला की चमूला?

कंपनीतील प्रशिक्षण म्हटले, की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. लोणावळ्याचे वा कर्जतचे एखादे रिसॉर्ट, दिवसभराची व्याख्याने, पडद्यावरच्या स्लाइड्स, दुपारचे सुग्रास भोजन, संध्याकाळी रस्सीखेच आणि शेवटी अभिप्रायाचा कागद. 'कार्यशाळा उत्तम झाली', असे सारेच लिहून देतात आणि सोमवारी कार्यालयात सर्व काही पूर्वीसारखेच सुरू होते. हा खर्च नेमका कुठे वाया जातो, हे समजून घ्यायचे तर नागरी हवाई वाहतुकीकडे पाहावे लागेल. या क्षेत्राने हा धडा शेकडो प्राणांचे मोल देऊन गिरवला आहे.

निष्णात वैमानिक, तरीही अपघात

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली. ५८३ जण मृत्युमुखी पडले. केएलएम कंपनीच्या विमानाच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना विमान पुढे काढले होते. हा कॅप्टन इतर वैमानिकांना शिकवणारा, कंपनीतील नामवंत वैमानिक होता. 'समोरचे विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना,' अशी शंका फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती निःशंकपणे फेटाळली. पुढे कुणी आग्रह धरला नाही.

दुसऱ्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान चाकांतील बिघाडाची शहानिशा करीत घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. दहा जणांचा बळी गेला. इंधन कमी होत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते. मात्र कॅप्टनचे लक्ष वेधले जाईल इतक्या ठामपणे ते कुणी सांगितले नाही.

दोन्ही ठिकाणी विमान चालविण्याच्या ज्ञानाची वानवा नव्हती. उणीव होती ती चमू म्हणून काम करण्याची. 'नासा'ने १९७९ मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने पहिला सर्वंकष अभ्यासक्रम सुरू केला. तो पुढे 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणजेच 'सीआरएम' या नावाने जगभर पसरला.

आधी थट्टा, मग सुधारणा

सुरुवातीचे अभ्यासक्रम व्यवस्थापनशास्त्रातून उसने आणलेले होते. स्वभावाच्या चाचण्या आणि उड्डाणाशी संबंध नसलेले खेळ यांवर त्यांचा भर होता. अनेक वैमानिकांनी 'ही तर गोड बोलण्याची शाळा' अशी त्यांची खिल्ली उडवली. मग आराखडा बदलण्यात आला. प्रत्यक्ष अपघातांची उदाहरणे घेतली गेली. एकेका वैमानिकाऐवजी संपूर्ण चमू सिम्युलेटरमध्ये बसू लागला. उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा पूर्ण प्रवास, मध्येच उद्भवणारा बिघाड आणि अखेरीस स्वतःच्याच वागण्याचे चित्रीकरण पाहून चर्चा, अशी पद्धत रूढ झाली. कनिष्ठांना ठामपणे सांगायला आणि वरिष्ठांना ऐकायला, असे दोन्ही शिकवले गेले.

त्याचे फळ १९ जुलै १९८९ रोजी दिसले. युनायटेडच्या डीसी-१० विमानाची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांची आणि प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाचीही मदत घेतली. सू सिटी येथे विमान कोसळले खरे, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. याचे श्रेय हेन्स यांनी सीआरएम प्रशिक्षणालाही दिले.

कार्यालयासाठी बोध

यातून पहिला मुद्दा निघतो तो निदानाचा. कर्मचाऱ्याला काम येत नाही, की येत असूनही त्याला बोलता येत नाही? दुखणे दुसरे असेल तर व्याख्यानाने ते बरे होणार नाही. दुसरा मुद्दा असा, की जे एकत्र काम करतात त्यांनी एकत्र शिकावे. कनिष्ठांना कार्यशाळेला धाडून साहेब केबिनमध्ये बसून राहिले, तर शिकलेले वापरायला जागाच उरत नाही. तिसरा मुद्दा, 'संवाद वाढवा' असा मोघम उपदेश न करता नेमके वाक्य शिकवावे. समोरच्याला नावाने हाक मारणे, अडचण सांगणे, उपाय सुचवणे आणि उत्तर मागणे, हा क्रम सरावानेच अंगवळणी पडतो.

चौथा मुद्दा मोजमापाचा. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रशिक्षण आवडले का, त्यातून काही शिकलो का, वागणूक बदलली का आणि कामाचा परिणाम सुधारला का? अभिप्रायाचा कागद पहिल्याच पायरीवर थांबतो.

कागदावरची खूण पुरेशी नाही

वैद्यकक्षेत्राचा अनुभव याच दृष्टीने बोलका आहे. मूळ विदर्भातील मराठी कुटुंबातले अमेरिकी शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी यादी आणली. तिच्यात उपस्थित सर्वांनी आपले नाव व काम सांगणेही येते. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या प्रयोगात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मात्र १०१ रुग्णालयांत ही यादी लागू झाल्यावर लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०१४ मधील अभ्यास सांगतो. कारणांबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही खूण करणे म्हणजे बोलणे नव्हे, हा अर्थ त्यातून अनेकांनी काढला.

आपल्याकडे 'वरिष्ठांना कसे सांगायचे' हा संकोच मुरलेला आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १५८ जणांनी प्राण गमावले. न उतरता पुन्हा वर जाण्याची सूचना सहवैमानिकाने तीनदा केली होती. म्हणजे बोलण्याचे धाडस झाले, तरी ऐकणारा कान तयार नव्हता. प्रत्येक कार्यालयात प्राण पणाला लागलेले नसतात. मात्र चुकीचा निर्णय होताना पाहून गप्प बसलेला कर्मचारी बहुतेक ठिकाणी सापडतो. पुढच्या प्रशिक्षणाचा आराखडा आखताना त्याला काय शिकवायचे, याच्या आधी त्याचे ऐकायला कुणाला शिकवायचे, हे ठरवायला हवे.