दुसरं दार: सरकार, न्यायालय आणि रस्त्यावरची माणसं



२०२३ साल आठवा. इस्राएलमधल्या आपल्या कितीतरी घरांत त्या वर्षी शनिवारची संध्याकाळ बदलून गेली होती. शब्बाथ संपला की मुलगी निळा-पांढरा झेंडा घेऊन तेल अविवच्या कापलान रस्त्याकडे निघायची. बाबा म्हणायचे, "निवडून आलेलं सरकार आहे, त्याला काम तर करू द्या!" आणि तेवढ्यात मुंबईहून मावशीचा फोन यायचा, "टीव्हीवर तुमच्याकडचे मोर्चे दाखवतायत. नक्की झालंय तरी काय?"

आजच्या भागात मावशीच्या या प्रश्नाचं उत्तर देऊ या. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. भांडण कशावरून होतं आणि आपल्यासारख्या लहान समाजाचा त्याच्याशी काय संबंध, एवढंच आपण बघणार आहोत.

आधी सत्ता कुठे कुठे असते ते पाहू. भारतात लोकसभा आहे, राज्यसभा आहे, राज्याराज्यांची सरकारं आहेत आणि या सगळ्यांच्या वर एक लिखित राज्यघटना आहे. इस्राएलमध्ये एकच सभागृह, १२० सदस्यांचं क्नेसेट. राज्यं नाहीत. राष्ट्राध्यक्षांचं पद बहुतांशी मानाचं. आणि एकसंध लिखित घटनाही नाही. १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात घटनेचं आश्वासन होतं, पण एकमत होईना. शेवटी १९५० मध्ये क्नेसेटने ठरवलं, की घटना एकेक प्रकरण करून लिहायची. ही प्रकरणं म्हणजे 'मूलभूत कायदे'. त्यांतले बरेचसे साध्या बहुमताने बदलता येतात.

आता गंमत पाहा. क्नेसेटमध्ये ज्यांचं बहुमत, त्यांचंच सरकार. म्हणजे कायदे करणारे आणि राज्य चालवणारे बहुतेक वेळा एकाच हाताची बोटं. मग या हाताला थांबवणारं कोण? मुख्यत्वे एकच संस्था उरते, जेरुसलेमचं सर्वोच्च न्यायालय. म्हणून त्या न्यायालयाला हात लागला, तेव्हा एवढा गदारोळ झाला.

४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमंत्री यारिव्ह लेविन यांनी न्यायव्यवस्थेत बदल करणारी योजना जाहीर केली. तिच्यातल्या तीन गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली, न्यायाधीशांची निवड. ही निवड नऊ जणांची समिती करते: तीन न्यायाधीश, दोन मंत्री, दोन क्नेसेट सदस्य आणि वकिलांच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी. सर्वोच्च न्यायालयावर कोणाला नेमायचं तर नऊपैकी सात मतं लागतात. म्हणजे सरकार आणि न्यायाधीश, दोघांनाही एकमेकांशी जुळवून घेणं भाग. नव्या योजनेत समितीतलं बहुमत सरकारकडे जाणार होतं.

दुसरी, न्यायालयाचा निकाल फिरवण्याची मुभा. न्यायालयाने एखादा कायदा रद्द केला, तरी १२० पैकी ६१ मतांनी क्नेसेट तो पुन्हा लागू करू शकेल. आणि ६१ मतं तर जवळपास प्रत्येक सरकारकडे असतातच. तेव्हाच्या आघाडीकडे ६४ होती.

तिसरी, 'अवाजवी' निर्णय रद्द करण्याचा अधिकार. सरकारचा एखादा निर्णय अगदीच ताळतंत्र सोडून असेल, तर न्यायालय तो रद्द करत असे. उदाहरण त्याच महिन्यातलं आहे. करविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेले आर्ये देरी यांना मंत्री करण्यात आलं होतं. १८ जानेवारीला ११ पैकी १० न्यायाधीशांनी ती नेमणूक टिकू दिली नाही. हा अधिकार काढून घ्यायचं सरकारच्या मनात होतं.

आता बाबांची बाजू. ती उडवून लावण्यासारखी नाही. त्यांचं म्हणणं असं, की न्यायाधीशांना कोणी निवडून दिलेलं नाही. १९९२ च्या दोन मूलभूत कायद्यांच्या आधारे न्यायालयाने कायदे रद्द करण्याचा अधिकार स्वतःच आपल्याकडे घेतला. शिवाय डिमोना, बीरशेबा, लोदसारख्या गावांत वाढलेल्या माणसाला त्या खुर्च्यांवर आपल्यासारखे चेहरे फारसे दिसले नाहीत. मग आमच्या मताची किंमत काय? २७ एप्रिलला बदलाच्या बाजूनेही जेरुसलेममध्ये क्नेसेटसमोर प्रचंड मोठा मोर्चा निघाला, हे विसरू नका. न्यायालयात सुधारणा हवी, असं मोर्चातल्या मुलीलाही कदाचित वाटत असेल. वाद त्याच्या पुढचा होता: सुधारणा करता करता सगळ्या किल्ल्या एकाच खिशात जाणार का?

इथे आपल्या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या मुख्य रब्बीनेटने बेने इस्राएली लोकांच्या लग्नांवर अटी घातल्या. आपल्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या समाजातल्या यहुदी जोडीदाराशी लग्न करायचं, तर मागच्या पिढ्यांची चौकशी. कोकणात शेकडो वर्षं शब्बाथ पाळलेल्या लोकांना विचारलं जात होतं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? दाद मागायची तरी कोणाकडे? ज्यांनी दार बंद केलं, त्यांच्याच हातात लग्नांचा कारभार होता.

तेव्हा आपले आजी-आजोबा रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. प्रकरण क्नेसेटपर्यंत गेलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेटने स्पष्ट सांगितलं, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. रब्बीनेटला माघार घ्यावी लागली.

या गोष्टीत न्याय क्नेसेटने दिला, न्यायालयाने नव्हे. म्हणजे बाबा म्हणतील, "बघा, लोकप्रतिनिधीच कामाला आले!" खरं आहे. पण मुलगीही म्हणू शकेल, "एक दार बंद झालं तेव्हा ठोठावायला दुसरं दार होतं, म्हणून तुम्ही वाचलात." दोघांचंही बरोबर आहे. मोठ्या समाजाला निवडणुकीत आपली माणसं आणता येतात. आपल्यासारख्या मूठभर लोकांना मतपेटीतून सरकार बदलता येत नाही. आपल्याला एकापेक्षा जास्त दारं लागतात, आणि दोन्हींची किल्ली एकाच्या हातात असून चालत नाही.

पुन्हा २०२३ कडे येऊ. दर शनिवारी मोर्चे वाढत गेले. राखीव सैनिक, डॉक्टर, हायटेकमधली मंडळी उतरली. २५ मार्चला संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांनी ही कायद्यांची घाई थांबवा, असं जाहीरपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान नेतान्याहू यांनी त्यांना काढत असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री लोक झोपले नाहीत, तेल अविवचा आयालोन महामार्ग अडवला गेला. २७ तारखेला हिस्ताद्रुत या कामगार महासंघाने संप पुकारला, बेन गुरियन विमानतळावरून विमानं उडेनात. संध्याकाळी नेतान्याहूंनी कायदे तात्पुरते थांबवले. गॅलंट यांचं मंत्रिपदही तेव्हा राहिलं.

पण 'तात्पुरते' हा शब्द महत्त्वाचा. जुलैच्या उन्हात हजारो लोक तेल अविवहून जेरुसलेमला पायी गेले, तरी २४ जुलैला 'अवाजवी' निर्णयांबाबतचा कायदा ६४ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. विरोधक सभागृहाबाहेर निघून गेले होते. सप्टेंबरमध्ये त्याच्यावरची सुनावणी सर्वच्या सर्व १५ न्यायाधीशांसमोर झाली. असं यापूर्वी कधीच झालं नव्हतं. मग ७ ऑक्टोबरचा हल्ला झाला, युद्ध सुरू झालं आणि ते मोर्चे थांबले. निकाल आला १ जानेवारी २०२४ रोजी. कायदा रद्द झाला, आठ विरुद्ध सात मतांनी. फरक एका मताचा.

भारतातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा मतांनी ठरवलं, की संसदेला घटना बदलता येईल, पण तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. मुंबईचे नानी पालखीवाला त्या खटल्यात लढले होते. तिथेही फरक एका मताचाच. दोन वर्षांनी आणीबाणी आली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी घटनादुरुस्ती झाली. तेव्हा ते कलम याच चौकटीच्या आधारावर रद्द झालं. पण त्याच न्यायालयाने १९७६ मध्ये, विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्यांना दाद मागता येणार नाही, असाही निकाल दिला. न्यायाधीशही शेवटी माणसंच. म्हणून एकाच दारावर भिस्त ठेवू नये, मग ते न्यायालयाचं का असेना.

इस्राएलमधला वाद संपलेला नाही. २७ मार्च २०२५ रोजी न्यायाधीश निवड समिती बदलणारा कायदा ६७ विरुद्ध १ मताने मंजूर झाला. विरोधकांनी मतदानावर बहिष्कार घातला. हा कायदा पुढच्या क्नेसेटपासून लागू व्हायचा आहे.

तर मावशीला काय सांगायचं? सांगा, मोर्च्याने कायदा रद्द होत नाही. मोर्च्याने वेळ मिळतो आणि दाराशी उभं असलेल्याला कळतं, की आत काय चाललंय ते लोक बघतायत. बाकीचं काम संस्थांनाच करावं लागतं.

आणि आज रात्री जेवताना घरात हा विषय निघाला, तर एकमेकांना एकच प्रश्न विचारून पाहा. आज जे अधिकार आपल्या आवडत्या सरकारला द्यायचे आहेत, तेच उद्या आपल्याला नावडत्या सरकारच्या हातात गेले, तर चालतील का? बाबा आणि मुलगी, दोघांनीही उत्तर द्यायचं. आवाज चढला तरी हरकत नाही, पण ताटावरून कोणी उठायचं नाही.

आजी-आजोबांपैकी कोणी १९६४ च्या धरण्यात बसले असतील, तर त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून ठेवा किंवा मोबाइलवर बोलतं करून ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.