शिक्का, मोर्तब आणि संगणकाचे घड्याळ

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजवटीचे मोडी कागद जपून ठेवलेले आहेत. मराठेशाहीच्या राजपत्रांत माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तबाचा शिक्का करीत. मुद्रेवरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे त्याखाली कोणास एक ओळही घुसडता येत नसे.

संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र ही दोन्ही कामे एकाच वेळी करते. त्यात स्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदतीच्या दोन तारखा आणि ते देणाऱ्या संस्थेची गणिती स्वाक्षरी असते. प्रमाणपत्रातील एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही. विश्वासार्ह संस्थांची यादी संगणकात आधीच साठविलेली असते, आणि तिच्याशी ताडून पाहिल्यावरच तो पान उघडतो.

आता तंजावरमधील एखाद्या घरी जुना संगणक आहे असे समजू. विजेचे बिल भरण्यासाठी तो सुरू करावा, तो पडद्यावर इशारा यावा : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’ बँकेचे पान उघडत नाही, टपालपेटी उघडत नाही, वृत्तपत्रही उघडत नाही. घरातील मंडळी घाबरतात. परंतु एकमेकांशी संबंध नसलेली अनेक स्थळे एकदम अविश्वसनीय ठरली, तर दोष बहुधा घरातच असतो. प्रथम पाहावे ते पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ एका बटणाएवढ्या विद्युतघटावर चालते. त्याचे नाव सीआर २०३२. म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. हा घट संपला की संगणक कित्येक वर्षे मागे जातो आणि यंदा दिलेले प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अद्याप जन्मासच आलेले नसते. तारीख दुरुस्त करताच पाने उघडतात. वीज गेल्यावर पुन्हा तोच प्रकार घडला, तर घट बदलावा. खर्च किरकोळ आहे.

तारीख बरोबर असूनही अडचण राहिली, तर विश्वासाची यादी शिळी झाली असावी. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर आधारलेली होती, त्याची मुदत संपली. नवे मूळ प्रमाणपत्र न मिळालेल्या अनेक जुन्या संगणकांवर चांगली स्थळे बंद पडली. अशा वेळी संगणकप्रणाली अद्ययावत करणे हाच उपाय होय.

एकच स्थळ अडत असेल, तर इशारा नीट वाचावा. मुदत संपली असल्यास चूक स्थळाच्या चालकांची असते. घरी काही करावयाचे नसते. नाव जुळत नसेल, तर मात्र ‘तरीही पुढे जा’ या दुव्यास हात लावू नये आणि सांकेतिक शब्द तर मुळीच देऊ नये.

हा धोका काल्पनिक नव्हे. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राकडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. केंद्राला मान्यता भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाची होती आणि नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते. म्हणून त्या संगणकांना हे खोटे शिक्के खरेच वाटले असते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने तो बचावला. २ जुलैला गूगलला ही गोष्ट कळली आणि दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. केवळ ४ प्रमाणपत्रे चुकीची दिली गेली, असा अहवाल आला. त्याहून अधिक आपल्या पाहण्यात आहेत, असे गूगलने कळविले. त्यानंतर गूगलने आपल्या क्रोममध्ये भारतीय नियंत्रकाच्या शिक्क्याची हद्दच आखून दिली : सरकारी आणि शैक्षणिक नावे, आणि त्याखेरीज मोजकीच काही.