कोयता लागला, टाके पडले... सवय मात्र तीच!

मे महिना अर्ध्यावर आला की आपल्याकडे वाडीवाडीत एक आवाज हमखास ऐकू येतो, कोयत्यावर फिरणाऱ्या कानशीचा. पावसाआधी झावळं तोडायची असतात, लाकडं फोडून पडवीत रचायची असतात, कुंपणाच्या मोडक्या मेढी बदलायच्या असतात. आणि याच दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताला फडकं गुंडाळून येणारा एखादा तरी माणूस बाकावर बसलेला दिसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कोयतो लागलो."

हा लेख त्या माणसासाठी आहे. खरं तर माझ्यासाठीही. मला हत्यारांची आवड आहे. घरात चार कोयते आहेत, त्यातला एक आजोबांच्या वेळचा, एक ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून लोहाराकडे समोर बसून करून घेतलेला. लोहाराने लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की जो 'चर्र' आवाज येतो, तो ऐकायला मी कामधंदा सोडून जातो. अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या डाव्या तर्जनीवर कोयता मारून घेतला. मेढीला टोक काढत होतो. मेढ जमिनीवर उभी, डाव्या हाताने वरून धरलेली आणि उजव्या हाताने खाली तिरके घाव. एका घावाला गाठ लागली, पातं उसळलं आणि थेट बोटावर. टाके पडले, बोट सरळ करणारी शीर तुटली होती ती जोडावी लागली आणि सहा आठवडे बोटाला पट्टी. ते बोट अजून पूर्ण मिटत नाही.

आता मुद्द्याचं. एवढं झाल्यावर माझी सवय बदलली का? पहिले पाच-सहा महिने बदलली. ओंडका घेतला, मेढ आडवी ठेवली, मुलांना लांब बसवलं. वर्षभराने एका संध्याकाळी लक्षात आलं की मी डाव्या तळहातावर शहाळं धरून, फोनवर बोलत, ते सोलतोय. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला!

मग मी जरा आजूबाजूला विचारत सुटलो. नारळ काढणारे, सुतारकाम करणारे, बाजारात मासे कापून देणाऱ्या बायका, दोन खानावळवाले. हे काही सर्वेक्षण नव्हे, गप्पाच. पण हातावर खूण नाही असा एकही माणूस भेटला नाही. आणि "त्यानंतर काय बदललं?" या प्रश्नावर बहुतेकांनी आधी हसून घेतलं. एका काकांचं उत्तर होतं, "काय होवचा नाय, हात बसलेलो आसा." हेच काका दोनदा टाके घालून आलेत. दुसऱ्याने दोष दिवसाला दिला, अमावास्या होती म्हणे. तिसऱ्याने सांगितलं की तेव्हापासून "धारच लावणंय नाय."

या तिसऱ्या उत्तरावर थांबायला हवं, कारण बदल झाला, पण उलट्या दिशेने. बोथट हत्यार सुरक्षित असतं हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. धारदार पातं लाकडात रुततं, जिथे मारलं तिथेच थांबतं. बोथट पातं घसरतं किंवा उसळतं. शिवाय बोथट हत्याराला जोर जास्त लावावा लागतो आणि जोरात निघालेला हात मध्येच आवरता येत नाही. स्वयंपाकघरात टोमॅटो घेऊन बघा. बोथट सुरी सालीवरून सरकते आणि बाजूच्या बोटाकडे जाते. धारेचा घाव निदान सरळ असतो, टाके नीट बसतात. बोथट हत्यार मांस फाडतं.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मूठ. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आकसतं आणि कोयत्याचं शेपूट मुठीत हलायला लागतं. मे महिन्यात हे हमखास होतं. रात्रभर मूठ पाण्यात ठेवली की लाकूड फुगून घट्ट बसतं, सकाळी काम भागतं. पण ते चार दिवसांचं. सुकलं की परत सैल, आणि आत शेपटाला गंज चढतो तो वेगळाच. सैल मूठ असेल तर लोहाराकडे जा. तो अर्ध्या तासाचं काम म्हणून हसेल, हसू दे.

मग माणूस शिकत का नाही? मला पटलेलं उत्तर साध्या हिशोबात आहे. घरात रोज एक नारळ फुटतो असं धरा. वर्षाला ३६५, दहा वर्षांत साडेतीन हजारांच्या वर. सगळे हातात धरून फोडले आणि त्यात एकदा लागलं. डोक्याला तो एक नारळ आठवतो, पण हाताला बाकीचे साडेतीन हजार आठवतात. आणि घाईच्या वेळी काम डोकं करत नाही, हात करतो. दुखणं गेलं, पट्टी सुटली की हात जुन्या वाटेला लागतो. आपण त्याला 'हात बसला' म्हणतो. चुकीच्या पद्धतीनेही हात तितकाच छान बसतो, हे कुणी सांगत नाही.

हे फक्त आपल्या अडाणीपणामुळे होतं असं समजू नका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात जणांचा जीव गेला. ज्या रबरी कड्यांमुळे ते घडलं, त्यांची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती. पण यान दरवेळी सुखरूप परत येत होतं, म्हणून ती झीज चालवून घेतली गेली. डायेन वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठा अभ्यास करून दाखवलं की चूक वारंवार पचली की ती चूक वाटेनाशी होते. जिथे मोठमोठे इंजिनिअर फसले, तिथे आपल्या पडवीतला शहाळ्याचा कोयता काय!

नवशिक्यांचं गणित मात्र वेगळं. गणपतीला किंवा मे महिन्यात आलेला चाकरमानी कोयता हातात घेतो तो फोटोपुरता, आणि "आपण फोडतो नारळ" म्हणून पुढे होतो. त्याला भीती असते, पण पद्धत माहीत नसते. जुन्या माणसाला पद्धत माहीत असते, पण भीती उरलेली नसते. हल्ली तिसरा प्रकारही आलाय. ऑनलाइन मागवलेल्या चकचकीत सुऱ्या, व्हिडिओ बघून हवेत फिरवायच्या, केस कापून धार दाखवायची. आवड म्हणून वाईट काही नाही, मी कोण बोलणार? पण अंगठा धारेच्या लांबीने फिरवून धार बघणं बंद करा. बघायचीच तर कागदाचा तुकडा कापून बघा. आणि सुरी हातातून सुटली तर पाय मागे घ्या, हात पुढे करू नका. पडती सुरी झेलणं हा हाताचा उपजत गुण आहे आणि तोच घात करतो. (पुण्याकडच्या बातम्यांमुळे कोयत्याचं नाव बदनाम झालंय, त्याला इलाज नाही. आपल्याकडे तो अजून तरी शेतीचाच आहे.)

ज्यांच्या सवयी खरोखर बदलल्या, अशी माणसं मला तीन-चारच भेटली. त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. त्यांनी 'आता जपून करीन' असा निश्चय केला नव्हता, जागा बदलली होती. रस्त्याकडेला शहाळी विकणाऱ्या एकाने कमरेएवढा ओंडका पुरून घेतला. आता शहाळं हातात धरायची वेळच येत नाही. मासे कापणाऱ्या एका मावशींनी वाम किंवा शेंगाळ्यासारखा बुळबुळीत मासा धरायला राखेची वाटी शेजारी ठेवली आहे. हात राखेत बुडवल्याशिवाय मासा धरायचाच नाही. एका सुताराने भिंतीवर खिळा मारून पटाशीची जागा ठरवली, कारण त्याला लागली होती ती काम करताना नव्हे, तर भुश्याखाली पडलेली पटाशी उचलताना.

आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं असं वाटतं. कमरेला बांधायची आकडी आठवा. कोयता एक तर हातात नाहीतर आकडीत, तिसरी जागाच नाही. झाडावर चढताना, बांधावरून उडी मारताना हात मोकळे. आता तरुण पोरं आकडी बांधायला लाजतात आणि कोयता गाडीच्या हँडलला अडकवून जातात. किंवा विळी घ्या, आपला आडाळो. इथे पातं जागचं हलत नाही, हलतात ते हात. पाटावर बसून पदार्थ धारेकडे न्यायचा, त्यामुळे कापताना फार लागत नाही. लागतं ते उठताना, नाहीतर पलीकडचं भांडं घ्यायला हात लांबवताना. म्हणून प्रत्येक आजीचं वाक्य एकच, "आडाळो आडवो घाल, मगे ऊठ." माझ्या आईने हे इतक्यांदा सांगितलंय की फोन आला तरी आमच्या घरात विळी आधी आडवी होते. ही सवय मात्र कुणाला लागल्याशिवाय लागली.

हातमोज्यांबद्दल थोडं. कापण्यापासून वाचवणारे मोजे आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. त्यावर ईएन ३८८ असं मानांकन आणि पुढे अक्षरं असतात. कापरोधाचं अक्षर 'ए' पासून 'एफ' पर्यंत, 'एफ' सगळ्यात मजबूत. भाजी किंवा मासे कापायला ते चांगले. पण ते सुरी घासली गेली तर वाचवतात. टोक भोसकलं किंवा कोयत्याचा घाव बसला तर नाही. मोजा घातला म्हणून हात पात्याच्या वाटेत ठेवणार असाल तर न घातलेला बरा. आणि फिरत्या यंत्राजवळ, म्हणजे गवत कापायच्या नाहीतर रस काढायच्या मशीनपाशी, मोजा नकोच. तो अडकून हात ओढला जातो.

आता लागलंच तर काय करायचं. आपल्याकडे पहिलं काम म्हणजे रानमोडीचा पाला चोळून लावणं, नाहीतर हळद, कॉफी, चुना. पाल्याबरोबर माती जखमेत जाते आणि हळद-कॉफीचा थर डॉक्टरला आधी खरवडून काढावा लागतो. त्यापेक्षा स्वच्छ फडकं जखमेवर ठेवा आणि दाबून धरा. दहा मिनिटं, घड्याळ लावून. मध्येच उचलून 'थांबलं का' बघायचं नाही, कारण धरलेली गाठ सुटते. हात छातीच्या वर ठेवा. बोटात अंगठी असेल तर लगेच काढा, सूज आली की निघत नाही. बोटाला सुतळी करकचून बांधू नका, दाबण्याने भागतं. रक्त थांबतच नसेल, उसळ्या मारून येत असेल, तर दाबूनच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

रक्त थांबलं म्हणजे निभावलं असंही नाही. बोटाचं टोक वाकवून बघा, सरळ करून बघा. होत नसेल तर शीर तुटलेली असू शकते. बोटाच्या एका बाजूला बधिर वाटत असेल तर नस. जखम बाहेरून लहान दिसते आणि आतला कारभार मोठा असतो. ही दुरुस्ती लवकर झाली तर बरी होते. 'बघू आठ दिवस' करत महिना काढला तर तुटलेली टोकं आत आकसून जातात आणि काम अवघड होतं. माझं बोट जेवढं वाचलं ते त्याच दिवशी गेलो म्हणून.

तुकडा तुटून पडला असेल तर तो टाकू नका आणि थेट बर्फात किंवा पाण्यातही घालू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. रुग्णाबरोबरच पाठवा. आपल्याकडून अशा वेळी लोक बांबोळीलाच धावतात, ते अंतर लक्षात घेता घरी चहा-पाणी करत बसायला वेळ नसतो.

राहिला धनुर्वात. तो गंजामुळे होतो असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजलेल्या खडबडीत पात्यावर माती जास्त चिकटते एवढंच. चकचकीत कोयताही गोठ्यात पडलेला असेल तर तोच धोका. जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत लक्षणं दिसू शकतात, जबडा आखडणं हे पहिलं. एकदा झाला की उपचार कठीण, लस मात्र सोपी. आता सरकारी लसीकरणात टीटीच्या जागी टीडी आली आहे. मुलांना १० आणि १६ व्या वर्षी डोस मिळतो, बायकांना गरोदरपणात मिळतो. पुरुषांचं मात्र सोळाव्या वर्षानंतर कुणी विचारत नाही, आणि कोयता तर जास्त तेच चालवतात. दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा. जखम मातीची असेल आणि शेवटचा डोस ५ वर्षांपूर्वीचा असेल तर परत घ्यावा लागतो. कधी घेतला ते आठवत नसेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, "घेतलेलो असात" म्हणून ठोकून देऊ नका. आधीचे डोसच झाले नसतील तर लसीबरोबर वेगळं इंजेक्शनही लागू शकतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर फोनवाल्या संध्याकाळनंतर मीही पडवीशेजारी फणसाचा ओंडका पुरला. एक शेजारच्या आबांनाही आणून दिला, कारण त्यांच्याही अंगठ्याला दोन टाके पडले होते. परवा त्यांच्याकडे गेलो तर आबा पायरीवर बसून नारळ हातातच धरून फोडत होते. ओंडका कुठे म्हणून विचारलं. मानेनेच मागे दाखवलं आणि म्हणाले, "त्येच्यार कोंबडी बसलीहा. तिका कित्या उठवू?"