अकरा ते पाच

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या आणि सोन्या-चांदीच्या दुकानांच्या गर्दीत एक शाळा आहे. सारे पुणे तिला हुजूरपागा म्हणते. हुजुरांची, म्हणजे पेशव्यांची, खास पागा या जागेवर होती. जिथे घोडे बांधले जात, तिथे १८८४ पासून मुली शिकू लागल्या. मीही त्यांतलीच एक, १९७६ साली शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडलेली.

न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक अशी बडी मंडळी या शाळेमागे उभी होती. मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी गव्हर्नरांपुढे मांडणारे इंग्रजी निवेदन रमाबाई रानडे यांनी भरसभेत वाचले. घरी आल्यावर घरातल्याच बायकांनी त्यांना टोमण्यांनी हैराण केले. हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

शाळा निघाली म्हणून वाद मिटला नाही. उलट तो घड्याळावर येऊन ठेपला! शाळेची वेळ होती अकरा ते पाच. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार, सासरी कशी नांदणार, असा सवाल 'मराठा' पत्रातून झाला. मुलींना तीन तासांची शाळा पुरे, असे लोकमान्य टिळकांचे मत होते. इंग्रजी आणि गणितापेक्षा संसाराला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, असाही आग्रह होता. दुसरीकडे त्यांचेच जुने सहकारी आगरकर 'सुधारक'मधून मुलामुलींना एकच शिक्षण द्या, असे निक्षून सांगत होते. ही माणसे लहान नव्हती, म्हणूनच हा वाद आजही वाचण्याजोगा आहे. भांडण वरवर वेळापत्रकाचे होते. मुलीचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा त्यातला खरा प्रश्न होता.

आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. आम्हाला ठाऊक होती ती घंटा, प्रार्थनेची रांग, मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यांवर पडणारी धाड, खो-खोत फुटलेले गुडघे. वसतिगृहातल्या मुलींचे आम्हाला भारी कुतूहल. त्या घरापासून दूर राहत, रविवारी पत्रे लिहीत आणि आमच्या डब्यातल्या घरच्या पोळीकडे जरा जास्तच वेळ बघत. ब्रह्मदेशात जन्मलेली एक मुलगी अशीच सातव्या वर्षी या शाळेत आली होती. इथेच तिची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि रँग्लर परांजप्यांचे घर तिचे दुसरे घर झाले. तीच पुढे 'युगान्त' लिहिणारी इरावती कर्वे.

सगळ्याच मुली काही इरावतीबाई होत नाहीत. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी कारकून, परिचारिका, शिक्षिका, गृहिणी झाल्या. मी बँकेत लागले. काउंटरपलीकडे बसल्यावर मात्र त्या सहा तासांची किंमत कळली. चांगल्या घरची, अंगभर दागिने ल्यालेली बाई पैसे काढायला यायची आणि स्लिप नवऱ्यापुढे सरकवायची. रक्कम तो लिहायचा, ती फक्त अंगठा टेकवायची. पैसे तिच्या नावावर, पण आकडा त्याच्या हातात. उलट एखादी भाजीवाली चौथीपर्यंत शिकलेली असली, तरी पासबुक उघडून व्याज आपल्यापुरते ताडून बघायची आणि चूक निघाली तर आम्हाला बोल लावायची. हिशेब येणाऱ्या बाईला फसवणे अवघड असते, हे बँकेत कोणीही सांगेल.

आज मुलींच्या शाळेचे तास किती असावेत, यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येत नाहीत. पण परीक्षेच्या दिवसांत पाहुणे आले की चहा टाकायला कोणाला उठवतात, भावाला की बहिणीला? घरोघरी जरा बघा. शाळेने १८८४ मध्ये मुलीसाठी दिवसाचे काही तास मिळवले. उरलेले तास तिला द्यायचे की नाही, हे अजूनही घरानेच ठरवायचे आहे.